रीडेव्हलपमेंटच्या काळात घरच्या वाइनचं काय करायचं

इमारत रिकामी करायची तारीख ठरली की कपाटं, फ्रिज, देवघर यांचं नियोजन महिनाभर आधी सुरू होतं. वाइनच्या बाटल्या मात्र शेवटच्या दिवशी आठवतात, टेम्पो खाली उभा असताना. मग त्या चादरीत गुंडाळून भांड्यांच्या खोक्यात जातात आणि नव्या भाड्याच्या घरात माळ्यावर चढतात. मुंबईत वाइन खराब करायची याहून पक्की रीत नाही.

सगळ्यात आधी मुदत ठरवा. जुनं घर सोडून नव्याचा ताबा मिळेपर्यंत दोन-तीन महिने जाणार असतील तर उपाय वेगळे, इमारत पुन्हा उभी राहायची असेल तर वेगळे. बिल्डरने दोन वर्षं सांगितली असतील तर वाइनच्या हिशेबात तीन धरा. तेवढ्या काळात तीन उन्हाळे आणि तीन ऑक्टोबर येतात, आणि नुकसान होतं ते त्याच महिन्यांत.

मग बाटल्या निवडा. आपल्याकडच्या बहुतेक व्हाइट वाइन, म्हणजे सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ, आणि गुलाबी रोझे वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या असतात. त्या सांभाळत बसण्यात अर्थ नाही. घर सोडायच्या आधीच्या महिन्यांत मित्रमंडळींना बोलवा आणि संपवा. साध्या रेड वाइनचंही तेच. राखायच्या त्या मुरणाऱ्या रेड, म्हणजे फ्रातेलीची सेट्टे, सुलाची रासा, ग्रोव्हरची ला रिझर्व्ह यांच्यासारख्या, आणि बाहेरून आणलेल्या मोजक्या बाटल्या. साठ बाटल्यांच्या वीस झाल्या की अर्धा प्रश्न सुटतो. दुसरंही एक कारण आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार दारू बाळगायला परवाना लागतो आणि त्यावर किती बाळगता येईल याला मर्यादा असते. साठा त्यापुढे गेला असेल तर हलवायच्या आधीच कमी करा. परवाना आणि खरेदीची बिलं सामानात न टाकता हाताशी ठेवा.

वाइनला १२ ते १४ अंश मानवतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण नुसत्या उष्णतेइतकाच तापमानाचा रोजचा चढ-उतार घातक असतो, आणि तो मुंबईकर स्वतःच घडवतो. रात्री एसी २४ वर, सकाळी बंद, दुपारी खोली ३३ वर. बुचाखाली बाटलीत मोकळी जागा असते जेमतेम चार-पाच मिलीलिटर. पंधरा अंशांनी तापली की ७५० मिलीलिटर वाइन तीनेक मिलीलिटरने फुगते. आतला दाब वाढतो, वाइन बुचाच्या कडेने वर सरकते. गार झाली की आकसते आणि त्याच वाटेने हवा आत ओढते. हे रोज घडलं की काही महिन्यांत वाइन सपक होते, शिजवलेल्या मनुकांसारखा वास येतो. म्हणून दिवसभर २६ वर स्थिर असलेली आतली खोली ही रात्रीपुरत्या थंड होणाऱ्या खोलीपेक्षा बरी.

नुकसान झालंय का, हे बाटली न उघडताही बरंच कळतं. तोंडावरची कॅप्सूल, म्हणजे बुचावरचं पातळ आवरण, दोन बोटांत धरून फिरवा. मोकळी फिरली तर बहुधा ठीक. चिकटून बसली असेल, खाली बोटाला चिकट लागत असेल, किंवा बूच काचेच्या कडेपेक्षा वर आलेलं जाणवत असेल, तर त्या बाटलीला ताप लागलेला आहे. ती आधी उघडा, राखू नका. कॅप्सूलला छिद्रं असतील तर त्यातून बुचावर दिसणारी बुरशी मात्र मुंबईच्या दमट हवेत साधी गोष्ट आहे. बूच कोरडं आणि जागेवर असेल तर ओल्या फडक्याने पुसून टाका.

वर्षभराहून जास्त मुदत असेल तर वाइन फ्रिज घ्या, आणि तो कंप्रेसरचाच घ्या. स्वस्तात मिळणारे थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कंप्रेसर नसलेले, फ्रिज आवाज करत नाहीत, पण ते बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशच खाली जाऊ शकतात. मे महिन्यात बंद खोली ३४ वर गेली की ते अखंड चालूनही १२ गाठत नाहीत, आणि पंखा लवकर जातो. दुसरी गोम बाटल्यांच्या आकड्यात. २८ बाटल्यांचा फ्रिज म्हणजे सरळ खांद्याच्या, बोर्दो आकाराच्या २८. पिनो न्वारच्या फुगीर बाटल्या किंवा स्पार्कलिंग असतील तर वीस-बावीसच मावतात, आणि जबरदस्तीने सरकवल्या तर लेबल फाटतं. भरलेली बाटली साधारण सव्वा किलोची. तेव्हा २८ बाटल्यांचे पस्तीस किलो अधिक फ्रिजचं वजन एका जागी येतं. हलत्या टेबलावर किंवा ओट्याखालच्या प्लायवर ठेवू नका. मागे किमान चार बोटं जागा सोडा, पश्चिमेची भिंत टाळा, भाड्याच्या घराचं वायरिंग जुनं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

फ्रिज हलवताना बाटल्या आणि फळ्या बाहेर काढा, फ्रिज उभाच न्या. हमालाने जिन्यात आडवा केला असेल तर कंप्रेसरचं तेल पाइपमध्ये शिरलेलं असतं. २४ तास उभा ठेवून मगच स्विच लावा. आणि क्रम लक्षात ठेवा: फ्रिज आधी जातो, रिकामा एक दिवस चालतो, बाटल्या नंतर येतात. दारावरच्या आकड्यावर विसंबू नका. एका रिकाम्या बाटलीत पाणी भरा, डिजिटल थर्मामीटरची तार तिच्या तोंडातून आत सोडा, तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि ती मधल्या फळीवर आडवी न करता टेकवून ठेवा. फ्रिजमधली हवा कंप्रेसरच्या प्रत्येक फेरीला वर-खाली होते. पाण्याचं तापमान वाइनच्या तापमानाइतकंच हळू हलतं, म्हणून खरा आकडा तोच. किमान-कमाल नोंदवणारा थर्मामीटर घेतलात तर रात्री वीज गेली होती की नाही तेही कळतं.

दोन-तीन महिन्यांसाठी वेगळा फ्रिज घेणं परवडणारं नाही. अशा वेळी घरातल्या साध्या फ्रिजचा भाजीचा खण कामाला येतो. तो इतर कप्प्यांपेक्षा थोडा कमी गार असतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजची हवा कोरडी असल्याने बूच आकसतं, म्हणून बाटलीभोवती वर्तमानपत्र आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा. तीन महिन्यांच्या पुढे हा उपाय ताणू नका. तळाशी काचेच्या कणांसारखे स्फटिक दिसले तर घाबरू नका, ते थंडीने बसलेलं टार्ट्रेट, म्हणजे वाइनमधल्याच आम्लाचा क्षार, असतं, अपाय नाही.

फ्रिजमध्ये जागाच नसेल तर बेडच्या पोटातला खण. अंधार, हालचाल नाही, जमिनीलगत, आणि गाद्या-गोधड्यांचं आयतं आवरण. आतल्या भिंतीच्या बाजूचा खण निवडा, तळाला आणि कडांना इंचभर थर्माकोल लावा, बाटल्या आडव्या ठेवा. पण त्याच खणात डांबराच्या गोळ्या असतात. त्या काढून टाका, खण दोन दिवस उघडा ठेवा. तो वास बुचातून आत जाऊ शकतो. मासळीचा वापरलेला थर्माकोलचा डबाही त्याच कारणाने नको, कोराच विकत घ्या. पावसाळ्यात पुठ्ठ्याची खोकी लिबलिबीत होतात आणि लेबलाच्या खळीवर झुरळं येतात, म्हणून लेबलाभोवती क्लिंग फिल्मचा एक वेढा द्या. स्क्रू कॅपच्या बाटल्या उभ्या चालतात.

गोडाऊनबद्दल माझं मत कडक आहे. पत्र्याच्या छपराखालचं गोडाऊन कितीही स्वस्त असो, नको. एसी आहे म्हणाले तर तीन प्रश्न विचारा: रात्री आणि रविवारी चालू असतो का, वीज गेल्यावर जनरेटर आहे का, आणि करारात दारू ठेवायला मनाई तर नाही ना. वाइन नाशिकची म्हणून नाशिकच्या नातेवाइकांकडे पाठवायचा विचारही अनेकांच्या मनात येतो. तिथल्या वायनरीत वाइन थंड केलेल्या खोल्यांत असते. उन्हाळ्यात गावातल्या घरात पारा मुंबईपेक्षा वरच जातो.

हलवायला डिसेंबर ते फेब्रुवारीतली पहाट उत्तम. तारीख आपल्या हातात नसेल तर निदान वेळ पहाटेची ठेवा. टेम्पोत नाही, स्वतःच्या गाडीत, आणि डिकीत नाही, मागच्या सीटवर एसीत. थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक ठेवलात तर मध्ये जाड टॉवेल घाला, नाहीतर लेबल भिजून सुटतं. पोचल्यावर बाटल्यांना दोन आठवडे हात लावू नका. गाळ असलेली जुनी रेड उघडायच्या आधी दोन दिवस उभी ठेवा.

नव्या घरात सुताराचं काम सुरू व्हायच्या आधीच फ्रिजचं पुस्तक त्याच्या हातात द्या. मागून हवा सोडणारा फ्रिज किचनच्या कपाटात बंदिस्त बसवला तर उष्णता कोंडते आणि कंप्रेसर लवकर जातो. कपाटातच हवा असेल तर पुढून, पायाजवळच्या जाळीतून हवा सोडणारा घ्यावा लागतो, आणि ती जाळी झाकणारी पट्टी सुतार हमखास लावतो. पॉलिश आणि रंगाचा वास पूर्ण गेल्याशिवाय बाटल्या आत आणू नका.