काडतूस तेच, मग मॅचचं वेगळं काय?

"एवढ्याशा पॉइंट टू-टू (.२२ इंची) काडतुसात 'मॅच', म्हणजे स्पर्धेचं, म्हणून वेगळं असतं तरी काय?" नेमबाजीचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

रचना पाहाल तर वेगळं काहीच नाही. स्मिथ अँड वेसननं १८५७ मध्ये .२२ शॉर्ट आणलं, स्टीव्हन्सनं १८८७ मध्ये आजचं '.२२ लाँग रायफल' हे काडतूस. ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅमची) शिशाची गोळी, पातळ पितळी केस म्हणजे कवच, त्यात दारू आणि बुडाच्या पोकळ रिममध्ये, म्हणजे कडेत, दारू पेटवणारा स्फोटक मसाला. ऑलिंपिकमध्ये ५० मीटरवर आजही हेच चालतं.

खरी गोम त्या रिममध्ये आहे. मसाला केसच्या तळाशी घालून केस गरगर फिरवतात, म्हणजे तो कडेला सरकून रिमभर बसतो. बंदुकीची फायरिंग पिन मात्र रिमवर एकाच ठिकाणी आपटते. तिथेच थर विरळ असला तर दारू नेहमीसारखी पेटत नाही आणि वेग बदलतो. वेग सेकंदाला दहा मीटरनं घटला, तर नुसत्या गुरुत्वाकर्षणानं गोळी ५० मीटरवर सात-आठ मिलिमीटर खाली बसते. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे १०.४ मिलिमीटर!

जुन्या मसाल्याची दुसरी खोड म्हणजे गंज. त्यातल्या क्लोरेटचा क्षार बंदुकीच्या नळीत उरायचा आणि ती गंजवायचा. काळ्या दारूच्या काळात काजळीच इतकी साचायची की नळी धुवावीच लागे, त्यात क्षारही निघून जाई. धूररहित दारू आली, नळी स्वच्छ दिसू लागली आणि आतून सडू लागली. १९२० च्या दशकात जर्मनीत सिनॉक्सिड, अमेरिकेत क्लीनबोर असे न गंजवणारे मसाले आले. मॅच काडतुसाचा खरा जन्म मी तिथे धरतो. नळीच टिकत नसेल तर अचूकतेच्या गप्पा कशाला?

पुढे वेगवान काडतुसं निघाली, पण नेमबाज त्यांच्या मागे गेले नाहीत. वाऱ्यात वेगवान .२२ जास्त वाहवते, हे ऐकून लोक चक्रावतात. पण वारा गोळीला किती ढकलतो हे ती हवेत किती वेळ असते यावर नव्हे, हवेच्या विरोधानं तिला किती उशीर होतो यावर ठरतं. ध्वनीचा वेग ओलांडला की तो विरोध एकदम वाढतो. म्हणून टेनेक्स, आर-५० यांसारखी अव्वल काडतुसं ध्वनीच्या वेगाच्या जरा खालीच, सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास ठेवलेली असतात.

सेंटरफायरवाले, म्हणजे ज्यांच्या काडतुसात मसाला बुडाच्या मध्यभागी असतो ते, आपली काडतुसं घरी भरतात. आपल्या या रिमफायरमध्ये, म्हणजे रिममध्ये मसाला असलेल्या काडतुसात, ती सोय नाही. कारखान्यानं दिलं ते घ्यायचं, हातात फक्त लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, निवडणं. म्हणून नेमबाज रायफल घेऊन कारखान्याच्या रेंजवर जातात, ती शिकंज्यात बसवून एकेका लॉटचे ग्रुप पाडून, म्हणजे ओळीनं झाडलेल्या गोळ्या किती जवळजवळ बसतात ते, बघतात. एका नळीत सुई टोचल्यासारखा बसणारा लॉट शेजारच्या नळीत पसरतो, अगदी दोन्ही रायफली एकाच मेकच्या असल्या तरी. तेव्हा "कोणती कंपनी घेऊ?" असं विचारलंत, तर मी आधी विचारणार, कोणत्या नळीसाठी, आणि कोणता लॉट?