चौदा रिंगांची मूठ : आमची वाटचाल

मासे गरवायचा रॉड बांधून घेणारा माणूस ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या नुसत्या कांडीवर, तासभर बोलतो, दोर ओवायच्या गाइडवर बोलतो, रीळ बसवायच्या रीळसीटचा रंग चार वेळा बदलतो आणि शेवटी उठता उठता म्हणतो, "मुठीला काय ते कॉर्क लावा." दिवसभर त्याच्या हातात असणार असते ती मूठच. चोणक मासा आमिषाला नुसता तोंड लावून गेला तर ते कळतं मुठीतून. मऊ फोमची मूठ तो धक्का खाऊन टाकते, चांगलं कॉर्क तो बोटांपर्यंत पोचवतं. ओल्या हातातून ते निसटत नाही, उन्हात तापत नाही आणि वजन म्हणाल तर पाण्याच्या पाव पटही नाही.

सावंतवाडीच्या आमच्या छोट्या वर्कशॉपात 2011 पासून हे एकच काम चालतं. पूर्ण रॉड आम्ही बांधत नाही. बांधणाऱ्यांना मुठी करून देतो आणि ज्यांना स्वतःच्या हाताने घडवायची आहे त्यांना कॉर्कच्या निवडलेल्या रिंगा देतो.

मी आयटीआय झालेला टर्नर. गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यात लोखंड कातत होतो. गावी परत आलो तेव्हा जवळ एक जुनं लेथ होतं आणि ओळख होती ती लाकडी खेळण्यांच्या चितारआळीतल्या मेस्त्रींची. लाकडी फळं, लाटणी, पाळण्याचे खांब, लाखेचा रंग चढवून केवड्याच्या पानाने आणलेली चकाकी, हे सगळं त्यांच्या हातातलं. त्यांना मी पगारी माणूस म्हणून कधी मानलं नाही. या धंद्यातले अर्धे भागीदार तेच. पहिली कॉर्कची मूठ लेथवर चढवली तेव्हा मी सवयीने पटाशी उचलली. त्यांनी माझा हात धरला. "ह्यां लाकूड नाय. ह्येका हळू हात लावूक होयो." कॉर्कला हत्यार लावलं की ते कातलं जात नाही, तुकडे उपटून येतात. ते घासायचं असतं, पॉलिशपेपरने, ऐंशी नंबरपासून चढत चढत चारशेपर्यंत. आजही आमच्याकडे कॉर्कला पटाशी लागत नाही.

रिंग साधारण सव्वा इंच व्यासाची, अर्धा इंच जाडीची, मधे पाव इंचाचं भोक. सात इंची मूठ हवी तर चौदा रिंगा. त्या एकावर एक चिकटवायच्या, आट्यांच्या सळईवर दोन वायसरांमध्ये आवळायच्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. पावसाळ्यात एका दिवसाचे दोन होतात, कारण आमच्याकडच्या हवेत पाण्याचा अंश असलेला गोंद सुकता सुकत नाही. गोंद कॉर्कपेक्षा फार कडक असून चालत नाही. घासताना मऊ कॉर्क खाली बसतं, कडक गोंदाची रेघ वर राहते आणि मुठीवर तळव्याला टोचणाऱ्या कड्या उठतात. कितीतरी महागड्या रॉडवर मी त्या बघितल्या आहेत.

भोक ब्लँकच्या मापाला आणायचं रीमर आम्ही बाजारातून आणत नाही. मोडलेल्या रॉडचा जाड बुंधा घ्यायचा, त्यावर खरखरीत पॉलिशपेपरची पट्टी तिरपी गुंडाळून चिकटवायची. ब्लँकचा निमुळतेपणा रीमरला आयताच मिळतो आणि मूठ ब्लँकवर सगळ्या लांबीला सारखी बसते. अशा रीमरांचा आमच्या भिंतीवर एक अख्खा फळा आहे, प्रत्येकावर मेस्त्रींनी खडूने लिहिलेलं माप. कोणी पाहुणा आला की मी त्याला आधी त्या फळ्यापुढे उभा करतो.

माल येतो पोर्तुगालचा. जगातलं निम्मं कॉर्क तिथलं. कॉर्क म्हणजे एका जातीच्या ओकची साल. झाड पंचवीसेक वर्षांचं झाल्याशिवाय ती काढत नाहीत. नंतर निदान नऊ वर्षं थांबतात आणि कोणत्या वर्षी सोललं त्याचा शेवटचा आकडा बुंध्यावर रंगाने लिहून ठेवतात. पहिल्या दोन वेळची साल खडबडीत, भेगाळ. चांगलं कॉर्क मिळतं तिसऱ्या खेपेपासून, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर. त्यातही उत्तम फळ्या वाइनच्या बुचांना जातात. उरलेल्यांतून आमच्या रिंगा. रिंग महाग का, असं विचारणाऱ्याला मी हे सगळं सांगतो, त्याला घाई असली तरी. आपल्याकडच्या बुचाच्या झाडाची साल का वापरत नाही, हेही बरेच जण विचारतात. आम्ही घेऊन बघितली. ती ठिसूळ, थरांत सुटणारी, अर्ध्या इंचाची सलग रिंग तिच्यातून निघत नाही.

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हापशाचे एक डॉक्टर. शापोराच्या खाडीत चोणक नि तांबोशी गरवणारे. त्यांचा तळवा रुंद, करंगळी जुन्या दुखापतीने आखडलेली. बाजारातली कुठलीच मूठ त्यांना जमेना. मेस्त्रींनी त्यांच्या हाताला मातीचा गोळा दाबायला लावला आणि त्यावरून पितळी पत्र्याचं टेम्प्लेट कापलं. मागे बारीक, मधे पोट भरलेलं, अंगठ्याखाली किंचित खोलगट. तो आकार पुढे आमचा म्हणून ओळखला गेला. मालवण, देवबागपासून मुंबईपर्यंत रॉड बांधणारे "तुमची ती पोटवाली द्या" असं सांगून मागवू लागले. मधली काही वर्षं छान गेली, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मग आला तो व्यापारी. नाव लिहीत नाही. धंद्यातल्यांना लिहिण्याची गरज नाही. मोठ्या शहरातलं मोठं दुकान, परदेशी रीळं, ऑनलाइन विक्री. दोन वर्षं थोडा थोडा माल नेला, पैसे वेळच्या वेळी दिले, मेस्त्रींच्या पाया पडला. 2018 मध्ये त्याने एकदम वर्षभराची ऑर्डर दिली, लेखी. एवढ्या रिंगा आमच्याकडे नव्हत्या. पतसंस्थेत बायकोच्या पाटल्या तारण ठेवल्या आणि माल मागवला. निम्म्या मुठी पोचल्यावर त्याचा फोन आला, दर कमी करा. मी नाही म्हटलं. त्याने दिलेला चेक परत आला. पुढच्या खेपेला तर चेकही आला नाही. साडेतीन लाख अडकले.

तेवढं सोसलं असतं. पैसा बुडतो, माणूस परत कमावतो. पण पुढच्या हंगामात त्याच्या दुकानात आमचाच आकार दिसला. तेच पोट, अंगठ्याखालचा तोच खोलगटपणा. डॉक्टरांच्या करंगळीसाठी ठेवलेली मागची बारीक कंबरसुद्धा जशीच्या तशी, जिचा दुसऱ्या कोणाला उपयोग नाही! वर चिकटपट्टी, "अस्सल पोर्तुगीज कॉर्क", किंमत आमच्या दोनतृतीयांश. पहिल्याच मोसमात त्या मुठींची खळगी उघडी पडली, रीळसीटजवळ साल सुटायला लागली. आणि आकार आमचा, म्हणून नाव आमचं गेलं. "सावंतवाडीच्या मुठी खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत" हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, मालवणच्या जेटीवर, मला न ओळखणाऱ्या माणसाकडून. त्याला मी बसवून सगळं समजावून सांगितलं. पण असे किती जण गाठणार?

ऑर्डरी आटल्या. रिंगांची पोती भिंतीला लागून तशीच. त्यात मार्च 2020. दोन पोरं कामाला होती, त्यांना घरी बसवावं लागलं. मेस्त्रींनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. दुसऱ्या लेथवर ते लाटणी नि लाकडी आंबे कातू लागले आणि विकून आलेले पैसे वर्कशॉपच्या गल्ल्यात टाकू लागले. मी नको म्हटलं तर म्हणाले, "लेथ दोघांचो ना?" पतसंस्थेचे हप्ते त्या लाटण्यांनी भरले, हे मी कुणापासून लपवत नाही.

यातून बाहेर काढलं डॉक्टरांनी. त्यांनी त्या दुकानातून एक मूठ स्वतःच्या पैशांनी विकत घेतली. सोबत स्वतःची, आम्ही केलेली, इतकी वर्षं वापरून काळसर झालेली मूठ रॉडवरून उतरवली आणि दोन्ही पाठवल्या. चिठ्ठीत एवढंच, दोन्ही उभ्या चिरा आणि फोटो पाठवा.

त्यांची मूठ चिरायला माझा हात होईना. मेस्त्रींनीच बँडसॉवर धरली. आमचा छेद बघण्यासारखा होता. चौदा रिंगा वेगवेगळ्या मोजता येत होत्या, मधे केसासारख्या बारीक गोंदाच्या रेघा, आत पाण्याचा डाग नाही, कॉर्क आतून नव्यासारखं पिवळसर. दुसरी चिरली तर वरून जेमतेम दोन मिलिमीटरचा खऱ्या कॉर्कचा पापुद्रा, आत भुसा डिंकात दाबून केलेला ठोकळा, चिवड्यासारखा. वरच्या पापुद्र्यालाही जागोजागी तपकिरी लुकण भरलेलं. ते नखाने उचकटलं की खाली बोटाचं टोक जाईल एवढं भोक.

डॉक्टरांनी ते फोटो आपल्या गरवणाऱ्या मित्रांत फिरवले, गोव्यात आणि मुंबईत. मोसम संपायच्या आत जुने रॉड बांधणारे एकेक करून परत आले. आम्ही डॉक्टरांना नवी मूठ केली, त्याच पितळी टेम्प्लेटवर, आणि पैसे घेतले नाहीत. त्यांनी फार आग्रह केला तरी घेतले नाहीत.

तेव्हापासून प्रत्येक मुठीबरोबर त्याच खेपेच्या रिंगेचा एक उभा चिरलेला तुकडा पाठवतो. गिऱ्हाइकाने आतला माल बघूनच मूठ ब्लँकवर चढवावी.

आता कॉर्क विकत घेणाऱ्यांना थोडं सांगतो. रिंग हातात घेतल्यावर ओल्या फडक्याने पुसा. लुकण भरलेलं असेल तर ते आजूबाजूच्या कॉर्कपेक्षा गडद दिसतं. लुकण वाईट नाही, आम्हीही बारीक छिद्रांना कॉर्कची पूड गोंदात कालवून भरतो, पण भरलं आहे हे सांगून विकतो. "एए", "एएए" या दर्जाच्या खुणांवर जाऊ नका. प्रत्येक विकणाऱ्याची मोजपट्टी वेगळी असते. खळगी रिंगेच्या कडेला असतील तर घासताना निघून जातील, मध्यावर असतील तर घासताना उघडी पडतील. मुठीच्या दोन्ही टोकांना रबर मिसळलेल्या कॉर्कची एकेक रिंग लावा, ठोकर तिथेच लागते. मूठ मळली तर भांड्यांचा सौम्य साबण आणि मऊ ब्रश, बास. पॉलिशपेपर लावून दर वर्षी उजळवत बसाल तर आकार जाईल. पावसाळ्यात रॉड कापडी पिशवीत बांधून ठेवू नका, उभा, मोकळा ठेवा. आणि घरी घासत असाल तर मास्क लावाच. बुरशी आलेल्या कॉर्कच्या धुळीने फुप्फुसांना विकार होतो, पोर्तुगालच्या कॉर्क कामगारांत तो इतका दिसला की त्याला सुबेरोसिस असं नावच पडलं. आमच्या लेथवर धूळ ओढणारा पंखा पहिल्यापासून आहे.

पाटल्या सोडवून आणल्या. पोरं दोन्ही परत कामावर आहेत, त्यांतलं एक आता रीमरिंग माझ्यापेक्षा सफाईने करतं. मेस्त्री सकाळी येतात, रिंगा निवडतात, दुपारी जातात. निवडीचा शेवटचा शब्द त्यांचाच. त्यांनी बाजूला टाकलेली रिंग मी कधी परत उचलत नाही.

त्या व्यापाऱ्याचा परत आलेला चेक फाइलमध्ये आहे. चेक न वटल्याची, कलम 138 ची केस चालू आहे, तारखा पडतात. गेल्या वर्षी त्याच्या दुकानातून एका नव्या मुलाचा फोन आला, त्याला आधीचं काही ठाऊक नव्हतं. पोटवाल्या मुठी हव्यात म्हणाला, गिऱ्हाइकं सावंतवाडीच्याच मागतात. मी दर सांगितला, जुनी बाकी आधी आणि नव्याचे पूर्ण पैसे आगाऊ. विचारून सांगतो म्हणाला. अजून सांगितलेलं नाही. दर तोच आहे.