त्रेचाळीसने भागलेलं गॅरेज

शनिवार, रात्री

टॅक्सीच्या गॅरेजचं छोटं मॉडेल करतोय, त्याची मापं आज पक्की झाली. खऱ्या गॅरेजची रुंदी १५ फूट, खोली २० फूट, वाशापर्यंत उंची ११ फूट धरली. १:४३ ला, म्हणजे त्रेचाळीस पट लहान केल्यावर, ते १०६, १४२ आणि ७८ मिलिमीटर होतं. म्हणजे पत्रा, खांब, खड्डा, बाकडं सगळं मिळून दोन तळहातांवर मावेल.

१:४३च का, तर गाडी आधीपासून घरात आहे म्हणून. मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी, डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूची), टपावर कॅरियर, बॉनेटच्या डाव्या अंगाला बाहेर बसवलेला मीटर. हे अडनिडं प्रमाण आलं इंग्लंडच्या खेळण्यातल्या रेल्वेकडून. तिथे ओ गेज नावाच्या मापात एका फुटाला ७ मिलिमीटर धरायचे. फूट ३०४.८ मिलिमीटरचा, भागून बघा, साडेत्रेचाळीस येतात. १९३०च्या दशकात हॉर्नबी या खेळण्यातल्या रेल्वेवाल्यांनी तिच्या शेजारी उभ्या करायला डिंकी नावाच्या छोट्या गाड्या काढल्या, आणि लहान गाड्यांचं हे माप पुढे रूढ झालं.

खांबाला साडेतीन मिलिमीटरची काडी, वाशांना त्याच्या निम्मी. फळ्यांसाठी मात्र आइस्क्रीमच्या काड्या घेतल्या नाहीत. दोन मिलिमीटरची काडी त्रेचाळीसने गुणली की साडेआठ सेंटिमीटरची फळी होते, एवढी जाड फळी कोणी भिंतीला ठोकत नाही. प्लायवूडच्या दुकानातून व्हिनियरचे, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे, नमुने आणलेत, अर्धा मिलिमीटर जाडीचे. गुणल्यावर पाऊण इंचाच्या जरा वर जातात, बरोबर बसतात. साग घेतला नाही. सागाची रेघ डोळ्यांत भरते, आणि लाकडाची रेघ काही त्रेचाळीसने भागता येत नाही. स्टीम बीच या लाकडाला बारीक ठिपके असतात, लांबून ते नुसते जुन्या लाकडासारखे दिसतात. हे एवढं सांभाळलं तर अर्धं काम झालं असं मी मानतो. फोटोत खोटं पडतं ते बहुतेक वेळा रंगाने नव्हे, जाडीने आणि रेघेने.

रविवार

दिवसभर पत्रा. इतकं मन लावून बऱ्याच दिवसांत काही केलं नव्हतं.

नालीदार पत्र्याच्या दोन लाटांमधलं अंतर साधारण ७५ मिलिमीटर असतं. भागिले ४३, उत्तर १.७४. एम १२ च्या, म्हणजे १२ मिलिमीटर जाड, आटेदार सळईच्या दोन आट्यांमधलं अंतर १.७५ मिलिमीटर! नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअरवाल्याकडून वीतभर सळई आणलीच होती, तिच्यावर हे मोजलं तेव्हा एकटाच हसलो. हॉटेलच्या पार्सलचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा असतो, त्याचा तळ कापून घ्यायचा. खाली जुना माउसपॅड, वर तुकडा, त्यावर सळई ठेवून तळव्याने एकदाच, सावकाश, पुढे लोटायची. मागे आणायची नाही, नाहीतर लाटेवर लाट बसते. आटा किंचित तिरका असतो, म्हणून सळईही तेवढीच तिरकी धरायची, की लाटा सरळ उमटतात.

मग १८ बाय ५७ चे तुकडे, म्हणजे अडीच फुटी रुंद आणि आठ फुटी लांब पत्रे. ते एकमेकांवर दीड लाट चढवून, खालच्या ओळीपासून वर लावत जायचे. पाणी कसं वाहतं हे लक्षात ठेवलं की उलटं लागत नाही.

गंज सगळीकडे सारखा फासायचा नाही. पत्र्याचा जस्ताचा थर तुटतो तो खिळ्याच्या भोकाशी आणि कापलेल्या कडेला, आणि जिथे पत्र्यावर पत्रा चढतो तिथे पाणी अडून राहतं. गंज तिथूनच सुरू होतो आणि उताराच्या दिशेने ओघळतो. मधली जागा बराच काळ राखाडीच राहते. बारीक ब्रशने प्रत्येक खिळ्याखाली एकेक ओघळ काढला. पाठ धरली, पण छपराला वय आलं.

बुधवार

आज फक्त लाकूड काळवंडवलं. काचेच्या बरणीत व्हिनेगर घालून गंजके खिळे टाकून ठेवले होते, पाणी विटकरी झालं होतं. (भांडी घासायची स्टीलची तार चालत नाही, ती विरघळतच नाही.) आधी फळ्यांना कडक चहाचा हात दिला, वाळल्यावर हे खिळ्यांचं पाणी. बघता बघता राखाडी, मग काळपट. लोखंडी सुरीने आवळा चिरला की पातं आणि फोड दोन्ही काळी पडतात, तीच ही गोष्ट: चहातलं टॅनिन आणि लोखंड. रंग वर बसत नाही, लाकडाच्या आत होतो, म्हणून नंतर कागदाने हलकं घासलं तरी सगळा जात नाही. पावसाची झड खाणाऱ्या बाजूला दोन हात, आतल्या बाजूला एकच.

शुक्रवार

जमिनीचा कोबा मंगळवारीच पुट्टीने ओढून झाला होता. आज तेलाचे डाग. संपूर्ण कामात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

पद्मिनीचं इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना. पाहणाऱ्याला गाडीखालचं हे काही दिसत नाही, पण जमिनीला ते ठाऊक असतं. गाडी नेहमी नाक आत करून उभी राहते, म्हणून मोठा डाग आतल्या भिंतीकडे, इंजिनाच्या तेलाच्या टाकीखाली. दाराकडे दुसरा, लहान, मागच्या आसाच्या डिफरन्शियलखाली (इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटणारी पेटी). दोन चाकांच्या आसांत खऱ्या गाडीत २३४० मिलिमीटरचं अंतर, माझ्याकडे ५४. डागांमध्ये साधारण तेवढंच अंतर ठेवलं. मधे गिअरबॉक्सचे थोडे ठिपके. जुन्या डागाची कड तपकिरी आणि मंद, मध्य काळा. ताज्या तेलाची चकाकी अगदी एकाच थेंबाला, तेवढ्यापुरतं ग्लॉस वार्निश सुईने टेकवलं.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका आले होते. आयुष्य टॅक्सीच्या गॅरेजात गेलेलं. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ आत बघत राहिले. मी भिंतीवर नटबोल्ट फिरवायचे पाने टांगायची फळी करत होतो, लहानमोठे ओळीने. म्हणाले, "अरे, भिंतीवर राहतो तो महिन्यातून एकदा लागणारा पाना. बारा-तेरा, चौदा-पंधरा हे कधी भिंतीवर बघितलेस तू? ते गाडीखाली गोणपाटावर. हात लांब केला की मिळायला हवेत."

"मग काका, फळीवर काय ठेवू?"

"मोठे ठेव. आणि दोन खुंट्या रिकाम्या ठेव. कोणीतरी नेलेलाच असतो."

बारा-तेराचा पाना सुमारे १७ सेंटिमीटर लांब, म्हणजे इथे चार मिलिमीटर. तांब्याची तार घेऊन दोन्ही टोकं हातोडीने चपटी केली, ब्लेडने खाच दिली. भिंगाखाली चिमट्यात धरला तेव्हा खरोखर पाना दिसला. असे चार पाडले आणि विटक्या सुतळीच्या विणीवर, उजव्या हाताला येतील असे पसरले. शेजारी शिवणाच्या दोऱ्यांचे बारीक कापलेले तुकडे, हात पुसायचं कॉटन वेस्ट म्हणून. काकांनी एक पाना नखाने थोडा तिरका केला आणि उठले.

जाताना गाडीचा नंबर विचारला. त्यांच्या हातची शेवटची गाडी कोणती हे त्यांना आठवत होतं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही कायदेशीर राहिली नाही. १९६४ साली कुर्ल्यात फियाट ११०० डिलाइट म्हणून सुरू झालेली ही गाडी. तिची मॉडेलं मिळतात, फोटो तर हजारो आहेत. पण तिच्याखाली झोपून ज्यांनी ती चालती ठेवली, त्यांचा खड्डा, बाकडं, पाने ठेवायची तऱ्हा फारशी कोणी टिपून ठेवलेली नाही. मला गाडीइतकंच, खरं तर गाडीपेक्षा जास्त, ते हवं आहे.

रविवार

खंडेनवमीच्या खुणा लावल्या. गॅरेजात त्या वर्षभर राहतात: बाकड्यावरच्या व्हाइसला (काम पकडून ठेवायच्या शिकंज्याला) हळदकुंकवाची बोटं, दारावर सुकलेलं झेंडूचं तोरण. झेंडूचं फूल साधारण साडेपाच सेंटिमीटर, भागून सव्वा मिलिमीटर, म्हणजे बारीक मोहरीचा दाणा. दाणे विटक्या केशरी रंगात बुडवून दोऱ्याला एकेक चिकटवले. मधूनमधून दाणा गळालेला ठेवला. दसऱ्यानंतर कोण तोरण नीट करत बसतं?

आता दारं राहिली. पाऊस खालून उडतो म्हणून लाकडी दाराची खालची कड आधी कुजते, आणि मालक फळी बदलण्याऐवजी तिच्यावर पत्र्याची पट्टी ठोकतो. तीच करायची आहे. पट्टी पार्सलच्या डब्याचीच, खिळ्यांची डोकी मागून पेन्सिलीच्या टोकाने उठवायची. कडीजवळ, जमिनीपासून २३ मिलिमीटरवर, हात लागून लागून तेलकट झालेली जागा काढायची. तिला काळा रंग नको, नुसत्या बोटाला जवसाचं तेल लावून चोळेन.