डेन्व्हर ते ब्लू मेसा: मोनार्क घाटातून कॅम्पर ट्रेलर नेताना

सप्टेंबर २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरहून ब्लू मेसा जलाशयाकडे निघालो, तेव्हा पिकअपच्या मागे १६ फुटी, एका आसाचा कॅम्पर ट्रेलर प्रथमच जोडलेला होता. गाडी शेव्हरोले कोलोरॅडो, २.८ लिटर ड्युरामॅक्स डिझेल इंजिनाची, चार दारांची आणि फोर-व्हील ड्राइव्ह. कंपनीच्या आकड्यांनुसार ही गाडी ७,६०० पौंड ओढू शकते आणि आमचा ट्रेलर त्याच्या निम्माही नव्हता, त्यामुळे वजनाचा प्रश्नच उद्भवत नाही अशी माझी समजूत होती. ती समजूत घरापासून २० मिनिटांवर असलेल्या ट्रक थांब्यावरच्या वजनकाट्याने दुरुस्त केली.

अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या ट्रक थांब्यांवर ‘कॅट स्केल’ नावाचा वजनकाटा असतो. त्यावर गाडीचा पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचा आस यांची वजने स्वतंत्रपणे मिळतात. आधी ट्रेलरसह आणि मग ट्रेलर सोडून नुसती पिकअप अशी दोन वजने केली, म्हणजे ट्रेलरचा किती भार जोडणीच्या गोळ्यावर (पिकअपच्या मागचा, ट्रेलरची मान जिच्यावर टेकते ती लोखंडी गोळी) येतो ते वजाबाकीने कळते. आमच्या पहिल्या पावतीप्रमाणे ट्रेलरचे एकूण वजन ३,३१० पौंड, म्हणजे सुमारे १,५०० किलो होते आणि गोळ्यावर आलेला भार फक्त २९० पौंड होता. हा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. आमचा नऊ टक्केसुद्धा भरत नव्हता. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. फरक इतकाच की बैलगाडी उलाळ झाली तर जागच्या जागी कळते, आणि ट्रेलर उलाळ असल्याचे ताशी ६० मैलांवर त्याची शेपटी डोलू लागल्यावर कळते.

कारण शोधायला वेळ लागला नाही. पाण्याची २० गॅलनची टाकी आसाच्या मागे होती आणि मी ती घरूनच काठोकाठ भरून आणली होती, म्हणजे जवळजवळ १६६ पौंड पाणी चुकीच्या जागी बसले होते. शिवाय अवजारांची पेटी, कुकर आणि डबाबंद सामान सर्वांत मागच्या कपाटात होते. तिथेच टाकी रिकामी केली, जड सामान आसाच्या पुढे आणून ठेवले आणि पुन्हा वजन केले, तेव्हा भार ४०५ पौंडांवर आला. २४ तासांच्या आतले दुसरे वजन कमी दरात होते, त्यामुळे तेवढ्यासाठी आळस करू नये.

आता दुसरी बाजू. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळा-पांढरा कागद चिकटवलेला असतो, त्यावर माणसे आणि सामान मिळून किती वजन गाडीवर चालेल ते लिहिलेले असते. माझ्या गाडीवर तो आकडा १,३५० पौंड आहे. आम्ही चौघे ५४० पौंड, गोळ्यावरचा भार ४०५, जोडणीचा लोखंडी दांडा २५ आणि मागच्या हौद्यातल्या सायकली, लाकडे, बर्फाची पेटी वगैरे २०० पौंड धरली, तर १,१७० पौंड होतात. ओढण्याची क्षमता निम्म्याहून अधिक शिल्लक आणि वाहण्याची क्षमता मात्र जवळजवळ संपलेली, असा हा हिशोब आहे. मध्यम आकाराच्या पिकअपसाठी ट्रेलर निवडताना जाहिरातीतला मोठा आकडा बाजूला ठेवून दारावरच्या या कागदापासून सुरुवात करावी, असे मला आता वाटते.

वाट म्हणून आम्ही आय-७० हा द्रुतगती महामार्ग टाळून यूएस-२८५ हा महामार्ग घेतला. आठवड्याच्या शेवटी आयझेनहॉवर बोगद्याच्या अलीकडे-पलीकडे जी रांग लागते, तिच्यात ट्रेलर घेऊन चालत-थांबत राहणे हे ब्रेकलाही त्रासाचे आणि माणसांनाही. २८५ वर १०,००० फुटांचा केनोशा घाट चढून गेले की साउथ पार्क नावाचे विस्तीर्ण पठार लागते. ते दिसायला सुंदर असले तरी आडव्या वाऱ्याचे आहे. ट्रेलर डोलू लागला तर पिकअपचा ब्रेक दाबू नये, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडावा आणि ब्रेक कंट्रोलरच्या (ड्रायव्हरजवळचे, ट्रेलरचे ब्रेक चालवणारे उपकरण) हाताने दाबायच्या पट्टीने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावावेत, म्हणजे मागची गाडी ताणली जाऊन सरळ होते. आम्हाला ते करावे लागले नाही. वेग ५५ च्या वर जाऊ न देणे पुरले.

ट्राउट क्रीक घाट उतरून जॉन्सन व्हिलेजला पेट्रोल पंपावर थांबलो, तेव्हा सवयीप्रमाणे चाकांच्या मध्यावर बिनस्पर्शाचा तापमापक धरला. उजवे चाक १९० अंश फॅरनहाइट, डावे १३०. दोन्ही बाजू सारख्या तापल्या असत्या तर चिंता नव्हती, कारण घाट नुकताच उतरलो होतो. पण ६० अंशांचा फरक म्हणजे एका बाजूचा ब्रेक घासतो आहे किंवा दुसऱ्या बाजूचा लागतच नाही. जॅक लावून उजवे चाक हाताने फिरवले तर ते अर्ध्या फेरीतच थांबले आणि आतून ब्रेक शू घासल्याचा खरखरीत आवाज आला. निघण्यापूर्वी एका गॅरेजात ब्रेक तपासून घेतले होते, आणि तिथे त्या बाजूचे समायोजन जास्त घट्ट झाले असावे. ब्रेकच्या मागच्या पत्र्याला खाली एक लांबट खाच असते, तिच्यावरचे रबरी बूच काढून आतले दातेरी चाक चपट्या अवजाराने फिरवावे लागते. चाक पूर्ण अडेपर्यंत घट्ट करायचे आणि मग आठ-दहा दाते सैल सोडायचे. दोन्ही बाजूंना मिळून पाऊण तास गेला, मुलांनी तेवढ्यात आइस्क्रीम संपवले, आणि पन्नासएक मैलांनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासले. हे अवजार आणि तापमापक दोन्ही मिळून एका हॉटेल जेवणाच्या किमतीत येतात.

ब्रेकचे समायोजन बदलल्यावर कंट्रोलरचा जोर नव्याने ठरवावा लागतो. सपाट रिकाम्या रस्त्यावर ताशी २५ मैलांच्या आसपास पट्टी पूर्ण दाबावी. ट्रेलरची चाके घसटू लागली तर जोर कमी करावा, गाडी नुसतीच ओढली जात असेल तर वाढवावा, आणि चाके अडण्याच्या किंचित अलीकडे तो ठेवावा.

पोंचा स्प्रिंग्जपासून यूएस-५० वर मोनार्क घाट सुरू होतो आणि साधारण साडेसात हजार फुटांवरून ११,३१२ फुटांवर जातो. चढ बराच काळ सहा टक्क्यांच्या आसपास आहे. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्के घटते, त्यामुळे इथे पेट्रोलच्या गाड्या किंचाळत चढताना दिसतात. टर्बो डिझेल ही तूट बरीचशी भरून काढते. या इंजिनाचा ३६९ पौंड-फुटांचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिनिटाला २,००० फेऱ्यांवरच मिळतो, म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी ४५ मैलांनी, उजव्या मार्गिकेतून गाडी निवांत चढली. पंखा मोठ्याने घरघरू लागला आणि पाण्याच्या तापमानाचा काटा थोडा सरकला, एवढेच. काटा याहून वर गेल्यास वेग दहा मैलांनी कमी करावा. घाईने चढण्याचे बक्षीस कोणी देत नाही. माथ्यावर थांबलो तर चिवड्याचे पाकीट उशीसारखे टम्म फुगलेले होते. याच माथ्यावरून एका बाजूचे पाणी आर्कान्सा नदीतून मिसिसिपीकडे आणि दुसऱ्या बाजूचे गनिसनमधून कोलोरॅडो नदीकडे जाते.

उतार मात्र खरी परीक्षा घेतो. या गाडीत एक्झॉस्ट ब्रेक आहे. टर्बोची पाती मिटून धुराची वाट अडवली जाते आणि इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते. माथ्यावरच टो-हॉल मोड (ओझे ओढताना गिअर बदलण्याची पद्धत बदलणारी सोय) आणि एक्झॉस्ट ब्रेक सुरू करून, वेग ४० वर आणून मगच उतरायला लागलो, आणि सार्जंट्सपर्यंतच्या सबंध उतारात पायाचा ब्रेक मी जेमतेम पाच-सहा वेळा, तोही दोन-तीन सेकंदच दाबला. वेग वाढल्यावर आवरण्यापेक्षा वाढण्याआधीच खालचा गिअर धरावा. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर डिझेल वाचवण्यासाठी ट्रक न्यूट्रलमध्ये सोडण्याचे परिणाम पुणेकरांना सांगायला नकोत. सार्जंट्सला तापमापक पुन्हा लावला: उजवे १४०, डावे १३५.

गनिसनच्या पश्चिमेला १६ मैलांवर एल्क क्रीक कॅम्पग्राउंड आहे. तिथे झाडे जवळजवळ नाहीत, त्यामुळे ट्रेलर मागे घ्यायला नवख्यांसाठी जागा उत्तम, पण दुपारी सावली आणि रात्री आडोसा दोन्ही नाही. मागे घेताना स्टिअरिंग खालून धरावे. हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलरची शेपटी जाते. आमच्यात नियम असा ठरला की सौ. आरशात दिसेनाशी झाली की मी गाडी थांबवायची, बोलणे नंतर. या उंचीवर पाणी ९२-९३ अंश सेल्सिअसलाच उकळते, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, त्यामुळे कुकर आणणे आणि एक शिट्टी जास्त घेणे या दोन्ही गोष्टी कामी आल्या.

ब्लॅक कॅन्यन ही गनिसन नदीची खोल दरी पाहायला ट्रेलर कॅम्पवर ठेवूनच जावे. तिथून नदीपर्यंत उतरणाऱ्या ईस्ट पोर्टल रस्त्याचा उतार १६ टक्के आहे आणि २२ फुटांहून लांब वाहनाला, ट्रेलर धरून, तिथे मनाई आहे. गनिसन ते मॉन्ट्रोज रस्त्यावर पुढेही दोन छोटे घाट आहेत. आमच्यानंतर, एप्रिल २०२४ मध्ये, ब्लू मेसावरचा एक पूल भेगा आढळल्याने बंद करावा लागला होता आणि पर्यायी वाटा लांबच्या, ठिकठिकाणी कच्च्या होत्या. म्हणून निघण्याच्या दिवशी सकाळी राज्याच्या वाहतूक खात्याचे ‘को-ट्रिप’ संकेतस्थळ पाहून घ्यावे.

इंधनाचे सांगायचे तर ट्रेलरविना हमरस्त्यावर २९ मैल देणारी गाडी या प्रवासात गॅलनला १७.५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे साडेसात किलोमीटर चालली. टाकी २१ गॅलनची आहे, तरी मी २५० मैलांच्या पुढे जात नाही, कारण छोट्या गावांत प्रत्येक पंपावर डिझेल असतेच असे नाही. डीईएफ या, डिझेलच्या धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या द्रवाचा अडीच गॅलनचा एक डबा हौद्यात ठेवावा. तो संपत आला की गाडी आधी इशारे देते आणि मग वेगावर बंधन घालते, आणि ते बंधन मोनार्कच्या चढावर लागू व्हावे असे कोणालाच वाटणार नाही. परतीला आम्ही सकाळी सातला निघालो, दुपारच्या वादळी पावसाआधी माथा ओलांडला आणि या वेळी पाण्याची टाकी रिकामी होती.