सोलापुरात खाऱ्या पाण्यातले पाकट : फिल्टर निवडताना

पाकट, म्हणजेच स्टिंगरे, कोकणातल्या मासळीबाजारात ओळखीचे आहे. सोलापुरात मात्र ते घरी पाळण्याचा विचार ज्याला ज्याला सांगितला, त्याने आधी माझ्याकडे आणि मग बाहेरच्या उन्हाकडे पाहिले. टाकी ८ फूट लांब, ४ फूट रुंद आणि २ फूट उंच ठरली होती, म्हणजे साधारण १७०० लिटर पाणी. प्रश्न उरला तो फिल्टरचा, आणि त्यातच माझे काही महिने गेले.

फिल्टरच्या खोक्यावर छापलेला लिटरचा आकडा पाकटासाठी फारसा उपयोगाचा नसतो, कारण कोळंबी, शिंपले आणि मासळी खाणारा हा प्राणी त्याच आकाराच्या इतर माशांच्या मानाने पाण्यात पुष्कळ घाण करतो. वाळूखाली बसवून वाळूतूनच पाणी गाळणारी जाळी मी पहिल्याच दिवशी बाद केली. पाकटाला अंग झाकून बसायला बारीक वाळू लागते, ती जाळीत अडकते आणि पाकट ती सतत उकरत राहते. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरचा मोह मात्र बराच काळ टिकला, कारण तो आटोपशीर असतो आणि आवाजही करत नाही. पण वीज काही तास गेली की त्या बंद डब्यातला प्राणवायू संपतो, अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू गुदमरून मरू लागतात, आणि वीज आल्यावर तेच कुजके पाणी टाकीत शिरते. उन्हाळ्यात भर दुपारी वीज जाण्याची सवय असलेल्या माणसाने हा धोका पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून टाकीखाली उघडा सम्प, म्हणजे फिल्टरची वेगळी टाकी, घेतला, ज्यात पाणी बायो मीडियावरून, म्हणजे हे जिवाणू ज्यावर वाढतात त्या तुकड्यांवरून, हवेतून झिरपत खाली येते. पंप थांबला तरी ओलसर मीडियाला हवा मिळत राहते. सम्पचा आकार ठरवताना माझी पहिली आकडेमोड चुकली होती. वीज गेल्यावर टाकीतले पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे सम्पकडे जाणाऱ्या वाटेच्या, कडेपर्यंत खाली उतरते, आणि ३२ चौरस फुटांच्या पृष्ठभागावर १ इंच पाणी म्हणजे सुमारे ७५ लिटर. दोन इंच उतरले तर दीडशे लिटर पाणी सम्पमध्ये मावले पाहिजे, नाहीतर ते दिवाणखान्यात येणार.

पाण्यात विरघळलेली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर टाकीच्या दुप्पट क्षमतेचा घेतला. ओझोनचे यंत्र मात्र दुकानदाराने आग्रह करूनही नाकारले, कारण ओझोनमुळे पाण्यातल्या आयोडाइडचे रूप बदलते आणि शार्क-पाकटांना गलगंड होण्याची शक्यता वाढते. साठलेल्या नायट्रेटमुळेही तोच धोका असतो, आणि ते कमी ठेवण्याचा भरवशाचा उपाय पाणी बदलणे हाच. दर वेळी १७० लिटर बदलायचे तर सुमारे ६ किलो मीठ लागते, अर्थात समुद्री मत्स्यालयासाठीचे, स्वयंपाकघरातले नव्हे. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि बोअरचे पाणी जड असते, त्यामुळे आरओ यंत्र आणि पाणी साठवायची वेगळी टाकी हा खर्च मी फिल्टरच्याच हिशेबात धरला. बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरताना मात्र त्यात मीठ घालायचे नाही. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे जातो, म्हणून पाणी थंड करणारा चिलर सम्पलाच जोडला. त्याची कॉइल टायटॅनियमची आहे, कारण पाकटाला पाण्यातले तांबे सोसत नाही. सम्पमधले पाणी टाकीत परत चढवणारा रिटर्न पंप आणि हवेचा पंप इन्व्हर्टरवर आहेत, चिलर नाही. तेवढा भार त्याला पेलवत नाही.

टाकीत अजून पाकट नाही. मागच्या रविवारी इन्व्हर्टरसह सगळे बंद करून पाहिले, तेव्हा सम्प काठापासून चार बोटे खाली भरून थांबला. आता अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन तिथेच टिकेपर्यंत टाकी रिकामीच ठेवणार आहे.