हयातीचा दाखला

आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघाने आज विरंगुळा केंद्रात हयातीच्या दाखल्यांसाठी, म्हणजे पेन्शन चालू राहावे म्हणून द्याव्या लागणाऱ्या जिवंत असल्याच्या पुराव्यासाठी, शिबिर भरवले होते, तिथे मावशीला घेऊन गेलो होतो. आयुष्यभर भांडी-धुणी करून तिच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की यंत्र तिचा अंगठा काही केल्या स्वीकारेना. तेव्हा संघाच्या एका कार्यकर्तीने बोटे ओल्या फडक्याने पुसून पाहिली आणि अखेर मोबाइलवर चेहरा टिपून काम पूर्ण केले. पापण्यांची उघडझाप करा म्हटल्यावर मावशीने डोळे जे गच्च मिटले ते उघडायलाच तयार नव्हती!

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमन घरी येऊन हाच दाखला करून देतो, हे रांगेतल्या अनेकांना ठाऊकच नव्हते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे, ही माहितीही बहुतेकांना नवीन होती. सोयी कागदावर पुष्कळ आहेत. त्या शेजारी बसून, न कंटाळता समजावून सांगणारे माणूस मात्र दुर्मीळ आहे, असे माझे स्पष्ट मत झाले.

कोपऱ्यातल्या एका आजींना दाखला नको होता. मुलाविरुद्ध तक्रार न करता औषधांपुरते पैसे मिळतील का, एवढेच त्या हलक्या आवाजात विचारत होत्या. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाबाबतच्या २००७ च्या कायद्यानुसार मुलांकडून निर्वाह भत्ता मिळण्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, असे कार्यकर्तीने सांगितले. मात्र आजींच्या इच्छेनुसार आधी संघाचे पदाधिकारीच मुलाशी बोलणार आहेत.