फुतामीचा दोर, इसेची वाट

आईचा फोन आला तेव्हा जपानमधल्या फुतामीत सकाळचे साडेआठ वाजले होते, म्हणजे आमच्या मावळात पहाटेचे पाच. तिचा अंगणात सडा घालून झाला असणार.

"निघालीस का गं?"

"आधी समुद्रावर जायचंय. इथे आधी समुद्र, मग देव."

ती म्हणाली, "बरोबरच आहे की. चंद्रभागेत पाय बुडवल्याशिवाय विठोबाकडे कोण जातं?"

आईने तुकोबांच्या पालखीबरोबर अकरा वाऱ्या केल्या. बाराव्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली आणि ती घरात बसली. मी दोनदा तिच्याबरोबर चालले, तेही अर्धीच वाट. तेव्हा सराटीला तुकोबांच्या पादुकांना नीरा नदीत स्नान घालताना पाहिलं होतं. देवाच्या भेटीला निघालेल्या संतालाही आधी पाणी लागतं, हे तेव्हापासून डोक्यात बसलं आहे. गेली काही वर्षं मी नोकरीसाठी नागोयात राहते. इथल्या इसे जिंगू या महाक्षेत्राला जाण्याची जुनी रीत कळली तेव्हा मला पहिली आठवली ती सराटीच.

रीत अशी. सूर्याची देवी अमातेरासु ओमिकामी हिचं स्थान इसे इथे. तिच्या दर्शनाला जाणारा माणूस आधी फुतामीच्या किनाऱ्यावर येई, समुद्रात उतरून अंग शुद्ध करी आणि मग पुढे चालू लागे. याला ‘हामासांगू’ म्हणतात. हामा म्हणजे किनारा, सांगू म्हणजे देवदर्शनाला जाणं. फुतामीहून आधी बाहेरचं मंदिर गेकू, मग आतलं मंदिर नाइकू. अंतर पंधराएक किलोमीटर, एका दिवसाची वारी. मी ५ मे हा दिवस मुद्दाम निवडला. वर्षातून तीनदा, ५ मे, ५ सप्टेंबर आणि डिसेंबरात, इथे खडकांचा दोर बदलतात.

किनाऱ्याला अगदी लागून फुतामी ओकितामा जिंजा हे देऊळ आहे आणि समोर पाण्यात मेओतो इवा, म्हणजे नवरा-बायकोचे खडक. मोठा ९ मीटर उंच, धाकटा ४ मीटर. मोठ्याच्या माथ्यावर एक छोटं तोरी, म्हणजे देवळाची कमान. १९१८ साली वादळात धाकटा खडक बुडापासून मोडला होता, तो तीन वर्षांनी पुन्हा उभा केला. लोक फोटो या जोडीचे काढतात, पण नमस्कार त्यांच्या पलीकडे जातो. किनाऱ्यापासून साधारण ७०० मीटरवर पाण्याखाली एक शिळा आहे, ओकितामा शिन्सेकी. वाट दाखवणारा देव सारुताहिको याच्याशी तिचं नातं. हे दोन खडक म्हणजे त्या न दिसणाऱ्या शिळेचं आणि समुद्रातून वर येणाऱ्या सूर्याचं महाद्वार. उन्हाळ्यात, मोठ्या दिवसाच्या आगेमागे, सूर्य नेमका दोघांच्या मधून उगवतो. त्या पहाटे पांढऱ्या कपड्यांतली माणसं छातीइतक्या पाण्यात उभी राहून त्याची वाट पाहतात.

मी पोचले तेव्हा गर्दी जमली होती. जुने दोर अजून जागेवर होते. डिसेंबरपासून लाटा, मीठ आणि ऊन खाऊन त्यांचा रंग ओल्या मातीसारखा झाला होता, कडांना पेंढ्याच्या दाढ्या लोंबत होत्या. दोर म्हणजे शिमेनावा. जिथे तो बांधला तिथपासून पलीकडे देवाची हद्द, अशी खूण. आमच्याकडे भाताच्या झोडणीनंतर बाबा पेंढ्याला पीळ देऊन भारे बांधायला बंध वळायचे. पायाच्या अंगठ्यात एक टोक आणि दोन्ही तळव्यांत पेंढा. शिमेनावाही पेंढ्याचाच, पण त्याचा पीळ बहुधा डावीकडे असतो, रोजच्या कामाच्या दोराच्या उलट. देवाच्या कामाला हात उलटा फिरतो हे वाचलं होतं, पण त्या दिवशी नवा दोर जवळून पाहिला आणि बाबांचे हात आठवून पीळ डोळ्यांनी उलगडून बघितला. खरंच उलटा होता.

पांढऱ्या पोशाखातली गावची माणसं खडकांवर चढली. जुने दोर कापले आणि ते पाण्यात सपकन पडले. मधली जागा अचानक मोकळी झाली. खडक तेच, पण मला ते उघडेवाघडे वाटले. विटेवरच्या मूर्तीचा पोशाख बदलताना पडदा का ओढतात ते त्या क्षणी कळलं. इथे पडदा नव्हता. सगळे तसेच बघत उभे होते, आणि बराच वेळ कोणी मोठ्याने बोललं नाही.

मग ‘कियारी’ सुरू झाली. जड लाकूड ओढताना म्हणायचं हे गाणं इसेच्या मुलखात फार जपलेलं आहे. एकजण लांब सुरात ओळ टाकतो, बाकीचे उचलतात. शब्द मला अर्धेही कळले नाहीत. पण दिंडीत पुढचा अभंगाचं चरण धरतो आणि मागून टाळकरी ते झेलतात, ती देवघेव कानाला ओळखीची होती. माझा पाय आपोआप पडायला लागला.

नवे दोर पाच. प्रत्येक ३५ मीटर लांब आणि १० सेंटीमीटर जाड. त्यातले १६ मीटर मोठ्या खडकाला वेढायला, १० मीटर धाकट्याला, आणि मधल्या अंतरासाठी ९. हा हिशेब मला फार आवडतो. दोघांमध्ये ९ मीटर समुद्र आहे आणि दोर मुख्यतः धरून ठेवण्यातच खर्ची पडतो.

दोर किनाऱ्यावरून खडकांकडे जातो तो माणसांच्या हातांवरून. मी मागे सरकत होते. परक्या मुलखातली बाई, सोवळंओवळं माहीत नाही, उगाच कशाला हात लावा! शेजारी एक म्हाताऱ्या आजी होत्या, कमरेत वाकलेल्या, माझ्या आईपेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि दोराखाली नेलं. "दोन्ही हातांनी," एवढंच म्हणाल्या. दोर आला. वजनदार, कोरडा, खरखरीत, आणि वास थेट आमच्या पडवीतल्या पेंढ्याचा. मी तो वर धरला आणि पुढच्या माणसाकडे सरकवला. पुन्हा आला, पुन्हा सरकवला. कियारीच्या ठेक्यावर तो सगळ्या किनाऱ्याच्या हातांवरून चालत होता. पालखीला खांदा द्यायला मिळत नाही म्हणून लोक तिला नुसता हात लावून घेतात, तशी धक्काबुक्की इथे नव्हती. दोर ज्याच्यापुढे येई त्याचा तो हक्कच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही, कारण दोन्ही हात गुंतले होते.

पाचही दोर ताणून झाले तेव्हा त्यांचा रंग उन्हात सोन्यासारखा दिसत होता.

समुद्रात प्रत्यक्ष उतरणं आता थोड्यांनाच जमतं. त्याऐवजी इथले पुजारी समुद्रगवताच्या जुडीने अंगावरून शुद्धी करतात. हे गवत त्याच बुडालेल्या शिळेजवळून दरवर्षी २१ मे रोजी होडीतून जाऊन कापून आणतात. पेंढ्याची एक लहान चुंबळही मिळते. दुखत्या भागावरून ती फिरवायची आणि देवळात ठेवायची. मी ती माझ्या अंगावरून उतरवली आणि मग आईच्या नावाने माझ्याच गुडघ्यांवरून पुन्हा फिरवली. चालत असेल की नाही, विचारलं नाही. आवारात जिकडेतिकडे नवसाचे दगडी बेडूक आहेत. जपानीत ‘काएरु’ म्हणजे बेडूक आणि ‘काएरु’ म्हणजेच परत येणं, म्हणून वाटसरू सुखरूप परतण्यासाठी तो वाहतात.

दुपारी बाराला चालायला लागले. गावाच्या टोकाला झाडीत मिशिओदोनो हे मिठाचं देऊळ आहे. इसेच्या देवांना लागणारं मीठ इथेच तयार होतं. भर उन्हाळ्यात खारं पाणी घेऊन ते आटवतात आणि मार्चमध्ये व ऑक्टोबरमध्ये ते मीठ तिकोनी मातीच्या साच्यांत भरून भाजतात, की त्याचा घट्ट खडा होतो. मी गेले तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. गवती छपराची दोन घरं, वारा आणि पाइनची झाडं.

पुढे इसुझु नदीचा पूल लागला. नदी इथे समुद्राजवळ येऊन रुंद, सुस्त झालेली. हीच नदी नाइकूच्या दारातून येते हे माहीत असल्यामुळे पुलावर जरा थांबले. पुढची वाट साध्या डांबरी रस्त्याची: दुकानं, पेट्रोलपंप, शेतं. भातलावणी नुकतीच झालेली आणि पाण्यात आभाळ. एदो काळात (१६०३ ते १८६८) याच इसेच्या वाटांवर माणसांचे लोंढे येत. १८३० साली काही महिन्यांत ४० लाखांहून अधिक लोक आले. दुकानातली पोरं, घरकाम करणाऱ्या मुली मालकाला न सांगता निघत, कमरेला लाकडी पळी एवढंच सामान. ती पळी पुढे केली की वाटेवरची घरं त्यात तांदूळ किंवा पैसे घालत. काटेवाडीला पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालणारे हात मला आठवले. यवतला पिठलं-भाकरी वाढणारे आठवले. चालणाऱ्याला जेवू घालणं हीसुद्धा वारीच, असं आई म्हणते.

गेकू गर्द झाडीत आहे. इथली देवी तोयोउके, अन्नाची. इथे साधारण १५०० वर्षांपासून रोज सकाळ-संध्याकाळ देवांना नैवेद्य जातो. त्यासाठीचा विस्तव दर वेळी लाकडावर लाकूड घुसळून नवा पेटवतात. ताटात भात, पाणी, मासे, समुद्रवनस्पती, आणि मीठ. ते मीठ दुपारी पाहिलेल्या त्या निर्जन झाडीतलं. मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

गेकूपासून नाइकू पाचेक किलोमीटर. फुरुइचीचा चढ चढताना टाचा भरून आल्या. एकेकाळी इथे यात्रेकरूंच्या करमणुकीची मोठी पेठ होती, आता शांत घरं. संध्याकाळी साडेचारला नाइकूच्या दारातला उजी पूल ओलांडला. पलीकडे इसुझु पुन्हा भेटली. स्वच्छ, उथळ, गोटे दिसणारी. काठच्या दगडी पायऱ्यांवर बसून हात धुतले.

मंदिर साधं हिनोकी लाकडाचं, रंग नाही, छप्पर गवताचं. दर २० वर्षांनी ते शेजारच्या मोकळ्या जागेत जसंच्या तसं नवं बांधतात. पहिल्यांदा ६९० साली, ६२व्यांदा २०१३ साली, पुढचं २०३३ साली. मधली युद्धं आणि पैशाची चणचण यांत खंड पडला, तरी परंपरा उभी राहिली. भोवती चार कुंपणं. सामान्य माणूस बाहेरच्या दारापर्यंतच जातो आणि दारात पांढरा कापडी पडदा. आत देवीचं प्रतीक म्हणून आरसा आहे म्हणतात, तो कोणी पाहत नाही. पंढरपुरात पायांवर डोकं ठेवायची सवय लागलेल्या मला हे जड जाईल असं वाटलं होतं. दोनदा वाकले, दोनदा टाळी वाजवली. टाळी वाजवताना तळव्यात काहीतरी टोचलं. पेंढ्याची एक काडी, नखाएवढी, अंगठ्याच्या बुडाशी घुसलेली. नदीत धुऊनही निघाली नव्हती. ती तशीच ठेवून तिसऱ्यांदा वाकले.

पुलावरून आईला फोन लावला.

"दिसली का देवी?"

"नाही. पडदा होता."

"मग पायांवर डोकं?"

"नाही गं. पण सकाळी दोर धरला." मग सगळं सांगितलं. पाच दोर, हातांवरून कसे गेले, पीळ कसा उलटा, वास कसा आपल्या पडवीतला, आणि ती काडी. गुडघ्यांचं मात्र सांगितलं नाही.

ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "पेंढा कुठल्या भाताचा होता?"

ते मी विचारलंच नव्हतं. ५ सप्टेंबरला दोर पुन्हा बदलणार आहेत. रजा आजच टाकली.